पाऊल, दाब आणि मापाचं इनसोल : दुखणाऱ्या पायांसाठी एक पाठ



सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. चार पावलं चाललं की ती कमी होते. दुपारी बराच वेळ बसून उठलं की परत तेच. ही तक्रार तुमच्याही घरात कुणाची तरी असेल. सांगलीच्या मार्केट यार्डात दिवसभर हळदीची पोती मोजणारे, तासगावच्या द्राक्षबागेत सकाळपासून उभ्याने काम करणाऱ्या बाया, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट पळत चढण्याचा सराव करणारी पोरं, आणि फळ्यासमोर सहा-सहा तास उभे राहणारे आम्ही शिक्षक. सगळ्यांचं दुखणं साधारण एकसारखंच.

मग कुणीतरी सांगतं, "मऊ चप्पल घ्या." दुसरा म्हणतो, "बुटात घालायला खास मापाचं इनसोल बनवून मिळतं, ते घ्या." काही जणांना त्याने खरंच बरं वाटतं. काहींचे पैसे वाया जातात. असं का होतं? ते आज समजून घेऊ.

पाठाचं मुख्य वाक्य आधीच सांगतो, वहीत लिहून ठेवा : इनसोल दुखणं काढून घेत नाही, ते पावलावरचा दाब एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतं. म्हणून दाब कुठे पडतोय हे कळल्याशिवाय इनसोल घेणं म्हणजे नंबर न तपासता चष्मा घेण्यासारखं आहे.

१. पावलाची रचना

आपल्या एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२. शरीरातल्या २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा फक्त पावलांत! इतकी हाडं एवढ्याशा जागेत कशासाठी? कारण पावलाला दोन उलटी कामं करावी लागतात. जमिनीवर टेकताना ते सैल होऊन खाचखळगे सामावून घेतं आणि पुढच्या क्षणी ताठ होऊन शरीर पुढे ढकलतं.

पावलाचे तीन भाग लक्षात ठेवा : मागे टाच, पुढे बोटांच्या मुळाशी चवडा, आणि या दोघांमध्ये कमान. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फेशिया म्हणतात. धनुष्याला जशी दोरी, तसा कमानीला हा पट्टा. चालताना बोटं वर वळली की हा पट्टा ताणला जातो आणि कमान उचलली जाते. हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९५४ साली हे नीट मांडून दाखवलं. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर येते ना, तसंच. स्वतः पाहायचं असेल तर उभे राहा आणि हाताने अंगठा वर उचला. कमान वर चढलेली दिसेल.

२. दाबाचं साधं गणित

विज्ञानात आपण शिकलोय : दाब = बल ÷ क्षेत्रफळ. वजन तेच, पण टेकणारी जागा कमी झाली की दाब वाढतो. सुई टोचते आणि बोट टोचत नाही, ते याचमुळे.

समजा एका माणसाचं वजन ६० किलो आहे. चालताना एक पाय उचललेला असतो तेव्हा सगळं वजन दुसऱ्या पावलावर येतं.

- पावलाचा १०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकत असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर ०.६ किलो भार.
- कमान फार उंच असल्यामुळे फक्त ६० चौरस सेंटिमीटर टेकत असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर १ किलो.
- त्याच पावलाच्या कमानीखाली नीट आकाराचा आधार दिला आणि टेकणारी जागा १२० झाली, तर ०.५ किलो.

वजन एक ग्रॅमही कमी न होता दाब निम्म्यावर आला. इनसोलचं सगळं तत्त्व या तीन ओळींत आहे. खरं पाऊल काही असं सपाट नसतं आणि दाब सगळीकडे सारखा वाटला जात नाही, पण दिशा हीच. आता यात पावलांची संख्या घाला. दिवसाला ६,००० पावलं म्हणजे एका टाचेवर ३,००० ठोके. पळताना प्रत्येक ठोका शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असतो.

३. घरी करून पाहा

*कृती १ : ओलं पाऊल.* तळपाय पाण्यात बुडवा, जादाचं पाणी झटका आणि कोरड्या फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर नेहमीसारखं उभं राहा. पाऊल उचलून ठसा पाहा. मधला भाग जवळपास पूर्ण भरलेला दिसला तर कमान खाली आहे. टाच आणि चवडा यांना जोडणारी पट्टी अगदी बारीक किंवा गायबच असेल तर कमान उंच आहे. दोन्हीच्या मधलं असेल तर सर्वसाधारण.

*कृती २ : चपलेची झीज.* सहा महिने वापरलेली चप्पल उलटी करा. टाचेची बाहेरची कड थोडी जास्त झिजणं हे बहुतेकांचं असतं. पण आतली बाजू खूप झिजली असेल, किंवा एकाच पायाची चप्पल वेगळी झिजली असेल, तर ते लक्षात ठेवा.

*कृती ३ : घट्टे शोधा.* तळपायावर जिथे कातडी जाड झालीय, घट्टा किंवा कुरूप आहे, तिथे दाब सगळ्यात जास्त आहे. शरीराने स्वतःच खूण करून ठेवलेली असते!

एक सूचना. ठसा सपाट आला म्हणून घाबरू नका. सपाट पाय हा आजार नव्हे. सपाट पायांची कितीतरी माणसं आयुष्यभर डोंगर चढतात आणि त्यांचं काही दुखत नाही. न दुखणाऱ्या पायाला इनसोल लागत नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो पाचव्या मुद्द्यात पाहू.

४. टाचदुखी : सगळ्यांची ओळखीची

सकाळच्या पहिल्या पावलाला येणारी कळ बहुतेक वेळा त्या तळपायाच्या पट्ट्याची असते. पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे रोजच्या ताणाने तो दुखावतो. रात्रभर आखडलेला पट्टा सकाळी अचानक ताणला गेला की कळ येते.

इथे एक गैरसमज दूर करू. एक्स-रे काढला की पुष्कळांना सांगितलं जातं, "टाचेचं हाड वाढलंय." मग त्या वाढलेल्या हाडाचीच भीती बसते. पण असं टोकदार हाड टाच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतं. म्हणजे दुखण्याचं मूळ दरवेळी ते हाड नसतं.

आनंदाची गोष्ट ही, की बहुतेकांचं हे दुखणं ऑपरेशनशिवाय वर्षभरात बरं होतं. त्यासाठी काय करायचं?

- सकाळी उठण्याआधी अंथरुणातच पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं नडगीच्या दिशेने ओढा, दहा आकडे मोजा. असं दहा वेळा.
- भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा ताठ आणि टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणा. तीस सेकंद, तीन वेळा.
- काही आठवडे घरात फरशीवर अनवाणी वावरणं टाळा.
- वजन जास्त असेल तर ते कमी करण्याचा प्रयत्न आणि उभ्याच्या कामात मधेमधे बसणं.

आणि इनसोल? २००६ साली ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या शंभराहून अधिक रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना मापाने बनवलेलं इनसोल दिलं, काहींना दुकानात मिळणारं घट्ट तयार इनसोल, तर काहींना फक्त पातळ मऊ फोम. पहिल्या दोन्ही गटांना सुरुवातीच्या महिन्यांत थोडा फायदा दिसला. वर्षाअखेरीस मात्र मापाचं आणि तयार यांत फारसा फरक उरला नाही. यातून आपण काय शिकायचं? साध्या टाचदुखीत आधी व्यायाम आणि चांगल्या आकाराचं तयार इनसोल वापरून पाहा. दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला, तर मापाचं बनवून घेण्याचा विचार करा. कमान फार उंच असून पाय दुखत असेल तर मात्र मापाच्या इनसोलचा चांगला उपयोग होतो, असं अभ्यासांत दिसलंय. कारण आपण वर केलेल्या गणितातच आहे.

गुडघा आणि कंबर यांचं काय? पावलाचा कोन बदलला की गुडघ्यावरचा भार थोडा बदलतो, हे खरं. पण गुडघ्याच्या झिजेत एका बाजूने उंच केलेल्या इनसोलने वेदना कमी होते असं काटेकोर चाचण्यांत दिसलेलं नाही. कंबरदुखी होऊ नये म्हणून आधीच इनसोल घालावं, यालाही आधार मिळालेला नाही. "पायापासून मानेपर्यंत सगळं बरं होईल" असं कुणी विकताना सांगत असेल तर सावध राहा.

*पालकांसाठी :* पोराचे पाय सपाट आहेत म्हणून खास बूट घ्यायची घाई करू नका. पाच-सहा वर्षांपर्यंत कमान नीट तयार झालेली नसते. शेजारच्या कर्नाटकात डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. त्यांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आढळले, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. म्हणजे मातीत अनवाणी खेळणं लहान पावलांना वाईट नाही. मूल चवड्यावर उभं राहिलं की कमान दिसत असेल आणि पाय दुखत नसतील, तर काळजीचं कारण नाही. पाय ताठ असेल किंवा दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

५. न दुखणारा पाय : खरा धोका इथे

आता अपवाद. दुखणारा पाय निदान हाक तरी मारतो. ज्या पायाला काही कळतच नाही, त्याचं काय?

ही गोष्ट जगाला नीट समजली ती भारतात, आणि कुष्ठरोग्यांच्या पावलांमुळे. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. १९४६ साली ते शल्यचिकित्सक म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात हातपाय आपोआप झडतात अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने पाहिलं. मांस आपोआप झडत नव्हतं. रोगाने नसा बधिर झालेल्या असल्यामुळे खडा टोचला, चटका बसला, चप्पल लागली तरी माणसाला कळायचं नाही. तो त्याच जखमेवर चालत राहायचा आणि जखम हाडापर्यंत जायची.

मग यावर उपाय काय, तर चप्पल! खूप प्रयोगांनंतर बारीक छिद्रांचं मऊ रबर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, वापरात आलं. आपण ज्याला "एमसीआर चप्पल" म्हणतो, ती हीच. आत मऊ रबर, खाली काटा न घुसणारा घट्ट तळ, मागे पट्टा, आणि कुठेही खिळा नाही. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधिर पायांच्या रुग्णांना ही पादत्राणं मोफत देण्याची तरतूद आहे. सांगली जिल्ह्याला हे काम नवं नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं, आणि पुढे कुष्ठरुग्णांसाठी मिरजेत वेगळं रुग्णालयही झालं.

आज हाच धडा मधुमेहाला लागू पडतो. पुष्कळ वर्षं साखर जास्त राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. आधी मुंग्या येतात, जळजळ होते. मग हळूहळू काहीच वाटेनासं होतं. आणि माणूस म्हणतो, "आता पाय दुखायचे थांबले, बरं झालं!" नाही हो, बरं झालेलं नाही. पहारेकरी झोपलाय.

अशा पायाला चैत्रात शिखर शिंगणापूरच्या पायऱ्या चढताना किंवा वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरसबंदीवर चटका बसतो आणि कळत नाही. आळंदीहून निघालेली पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते. त्या वाटेवर मधुमेही वारकऱ्याच्या नव्या चपलेने फोड येतो, संध्याकाळपर्यंत तो फुटतो, आणि पंढरपूर येईपर्यंत जखम चिघळलेली असते. शेवटी पाय कापायची वेळ येऊ शकते. देवाला जाऊ नका असं कुणी म्हणत नाही. पण जाड मोजे घाला, ऊन चढण्याआधी दर्शन घ्या, जुनी सरावाची पादत्राणं वापरा आणि रोज मुक्कामाला तळपाय पाहा.

इथे मापाचं इनसोल ही चैन नाही, गरज आहे. बधिर पावलावर जिथे घट्टा आहे किंवा आधी जखम होऊन गेलीय, तिथला दाब काढून घेणारं इनसोल आणि खोल, रुंद पादत्राण नवी जखम टाळायला मदत करतं. म्हणून दुखत नसलं तरी मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून संवेदना पाहतात. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत तर मुळीच नाही.

६. मापाचं इनसोल कसं बनतं?

1. तपासणी. कुठे दुखतं, काम काय, मधुमेह आहे का, हे विचारतात. घोटा, गुडघा पाहतात, अनवाणी चालवून बघतात.
2. ठसा. पाऊल मऊ फोमच्या डब्यात दाबून, प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून किंवा स्कॅनरने आकार घेतात.
3. घडण. त्या आकारावर ईव्हीए फोम, कॉर्क किंवा घट्ट प्लॅस्टिक यांतून इनसोल घडवतात. बधिर पायाला मऊ थर, ढासळणाऱ्या कमानीला घट्ट आधार.
4. बसवणं. तुमच्या रोजच्या बुटात घालून, चालवून, लागेल तिथे घासतात.
5. सवय. पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग रोज थोडं वाढवत एक-दोन आठवड्यांत दिवसभर. बधिर पाय असेल तर दर वेळी काढल्यावर तळवा पाहायचा. लालसरपणा राहिला तर वापर थांबवून परत दाखवायचं.

हे काम करणाऱ्या तज्ज्ञाला ऑर्थोटिस्ट म्हणतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ती विचारायला लाजू नका. मुंबईत हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत हे शिक्षण दिलं जातं. आपल्या भागात मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडचं कृष्णा फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. दुखण्याचं कारण शोधायला सुरुवात अशा ठिकाणी करता येते. फक्त यंत्रावर उभं करून रंगीत चित्र दाखवलं आणि लगेच बिल केलं, तर ती तपासणी झाली असं समजू नका.

पैसे देण्याआधी हे चार प्रश्न विचारा : माझ्या दुखण्याचं कारण काय? तयार इनसोलने भागणार नाही का? बसलं नाही तर दुरुस्ती करून द्याल का? हे माझ्या कोणत्या पादत्राणात बसेल?

७. आपण तर चपला घालतो!

चौथा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. इनसोलची पुस्तकं बूट घालणाऱ्या देशांत लिहिली गेली. आपण बूट घालतो लग्नात नाहीतर मॅरेथॉनला. बुटासाठी बनवलेलं महागडं इनसोल कपाटात आणि पायात चप्पल, असं असेल तर फायदा कुठून होणार? म्हणून तज्ज्ञाला आधीच सांगा, "मी दिवसभर चप्पल घालतो" किंवा "शेतात असते". मागे पट्टा असलेल्या सँडलच्या तळातच आधार बसवून घेता येतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या आठ जिल्ह्यांत कोल्हापूर आणि सोलापूरसोबत सांगली आणि साताराही आहेत, बाकीचे चार कर्नाटकातले. निरोगी पायाला ही चप्पल छान. कातडं हळूहळू पावलाचा आकार घेतं. पण तळ सपाट आणि कडक, कमानीला आधार नाही, मागे पट्टा नाही. म्हणून टाचदुखी चालू असताना ती बाजूला ठेवा. बधिर पायाला तर अंगठ्याची कडक पट्टी घासून जखम करू शकते, तिथे ती नकोच. पण कागदावर पाऊल काढून बरोबर मापाची चप्पल करणारे हात आपल्याच जिल्ह्यांत आहेत. तज्ज्ञाने दाब कुठून काढायचा ते सांगावं आणि कारागिराने तसा तळ घडवावा, ही जोडी जमली तर खेड्यातल्या माणसालाही त्याच्या सवयीचं पादत्राण मिळेल.

लगेच डॉक्टरांकडे कधी? मार लागल्यावर पायावर भार देता येत नसेल. पाऊल अचानक सुजून गरम झालं असेल (मधुमेह असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी). जखम आठवडाभरात भरत नसेल. रात्री झोपेतही दुखत असेल. किंवा बोटं काळी-निळी पडत असतील. अशा वेळी इनसोल शोधत बसू नका.

स्वाध्याय

1. घरातल्या प्रत्येकाचा ओल्या पावलाचा ठसा घ्या आणि वहीत चित्र काढा. कुणाची कमान कशी आहे?
2. वजन ७२ किलो, टेकणारी जागा ९० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर भार किती? जागा १२० झाली तर किती?
3. "पाय दुखायचा थांबला म्हणजे बरा झाला" हे विधान मधुमेही व्यक्तीबाबत का चुकीचं आहे? तीन वाक्यांत लिहा.
4. घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज रात्री त्यांच्या तळपायाखाली आरसा धरून तळवे एकदा नीट पाहा. बोटांच्या बेचक्याही पाहा.

पहिले तीन प्रश्न सवडीने सोडवा. चौथा मात्र आजच.